कागद नव्हताच तेव्हा

मी प्लॅनिंगमधे आहे. म्हणजे कुठला पार्ट कधी येणार, कधी लाइनवर चढणार, कधी गाडीत भरून जाणार हे सगळं एक्सेलमधे रंगवायचं. रंगवायचं म्हणजे खरंच रंगवायचं, हिरवा पिवळा लाल. आमचा एक सप्लायर चीनमधला आहे, सूझोउचा, आणि त्यांच्याकडचा एक इंजिनिअर दर आठवड्याला कॉलवर असतो, साधारण माझ्याच वयाचा, इंग्रजीही माझ्यासारखंच, अडलं की हातवारे. एकदा मी माझं नवं कोरं शेड्यूल शेअर केलं, अकरा आठवड्यांचं, एकसुद्धा लाल डबा नाही, आणि मी स्वतःवर भयंकर खूश. तो थोडा वेळ बघत राहिला आणि स्वतःशीच हसून चिनीत चार शब्द पुटपुटला. काय म्हणालास विचारलं तर म्हणे काही नाही, आमची जुनी म्हण आहे, प्लॅन छान आहे.

ते शेड्यूल दुसऱ्याच आठवड्यात झोपलं. तो भाग इथे सांगण्यात काही मजा नाही, प्लॅनिंगवाल्यांना माहीतच आहे आणि बाकीच्यांना कंटाळा येईल. पण नंतर मी चॅटवर त्याला गाठलंच, की ते चार शब्द काय होते? त्याने आधी दोन सॉरी टाकले आणि मग म्हण टाकली. झ शांग थान बिंग. (तो पहिला झ खरं तर झ नाहीये, जीभ टाळूकडे वळवून ट आणि च यांच्या मधे कुठेतरी जाते, मला अजून जमत नाही. उलट चिनीतला दुसरा एक आवाज, जो बाकीच्यांना अवघड जातो, तो म्हणजे आपला चमच्यातला च, तो आपल्याला फुकटात येतो.) झ म्हणजे कागद, शांग म्हणजे वर, थान म्हणजे बोलणं, बिंग म्हणजे सैन्य, लढाई. कागदावर लढाईच्या गप्पा. झालं, मेलोच मी.

पहिल्यांदा वाटलं हे तर आपले कागदी घोडे. पण नाही, आपले कागदी घोडे सरकारी ऑफिसातले, या टेबलावरून त्या टेबलावर नाचणारे, त्यांना लढाईला जायचंच नसतं. मग वाटलं बोलाचीच कढी. तेही नाही, कारण त्यात खायला काहीच नसतं, नुसती बडबड. चिनी म्हणीतल्या माणसाला विषय खरोखर येत होता, अगदी बारकाव्यांसकट, हीच तर तिथली गोम आहे. जवळात जवळ म्हणजे समर्थांचा पढतमूर्ख. दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगून झाल्यावर समर्थ थांबत नाहीत, पढतमूर्खासाठी आख्खा वेगळा समास लिहितात, म्हणजे साध्या मूर्खाच्या यादीत तो बसत नाही हे त्यांना दिसलेलं होतं.

तर हा चिनी पढतमूर्ख म्हणजे झाओ कुओ. इसवी सनापूर्वी तिसरं शतक, चीनमधे सात राज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली, त्यातलं पश्चिमेचं छिन सगळ्यांना गिळत निघालेलं. झाओ हे उत्तरेचं एक तगडं राज्य, राजधानी हानदान. हे हानदान आजही आहे, हबेइ प्रांतात, आणि स्वतःला म्हणींची राजधानी म्हणवतं, कारण चिनी म्हणींपैकी पुष्कळ तिथे किंवा तिथल्या माणसांवरून जन्मल्या. त्यातलीच एक म्हणजे हानदानची ऐटबाज चाल शिकायला गेलेला पोरगा, नवी चाल जमली नाही, स्वतःची विसरला, शेवटी रांगत घरी गेला. जाऊ दे, ती वेगळी गोष्ट.

कुओचा बाप झाओ शे. हा मूळचा कर गोळा करणारा. एका बड्या सरदाराच्या घरच्यांनी, म्हणजे राजाच्याच घराण्यातल्या माणसाच्या, कर भरला नाही म्हणून याने त्याच्या नऊ कारभाऱ्यांची डोकी उडवली. सरदार चिडून याला मारायला निघाला तर यानेच त्याला सुनावलं की तुमच्यासारखेच कर बुडवायला लागले तर राज्य राहणार कसं, आणि सरदाराने, मोठ्या मनाचा असणार, उलट याची राजाकडे शिफारस केली. पुढे हा सेनापती झाला. छिनने हल्ला केला तेव्हा बाकीचे म्हणाले रस्ता लांब, चिंचोळा, अवघड, जमायचं नाही. शे म्हणाला, बिळात दोन उंदीर भांडतात तसं आहे हे, ज्याची छाती मोठी तो जिंकेल. आणि जिंकला. त्या काळात छिनला समोरासमोर हरवणारी माणसं फार नव्हती.

अशा बापाचा मुलगा लहानपणापासून युद्धशास्त्र वाचत बसायचा आणि त्याचं मत झालं की जगात आपल्या तोडीचा कोणी नाही. बापाशी वाद घालायचा आणि बापाला त्यात चूक काढता यायची नाही. हे वाक्य सीमा छ्येनने लिहिलंय, चिनी इतिहासलेखनाचा बाप माणूस, या घटनांनंतर साधारण दीडशे वर्षांनी. बाप हरायचा वादात. पण शाबास कधी म्हणायचा नाही. मग बायकोने विचारलं, का हो असं? तर शे म्हणाला, लढाई म्हणजे मरणाची जागा आहे आणि हा तिच्याबद्दल किती सहज बोलतो. राजाने याला सेनापती केलं नाही तर ठीक, केलं तर झाओचं सैन्य बुडवणारा हाच असेल.

तिने हे ऐकून ठेवलं.

पुढे शे गेला. २६२ मधे (इसवी सनापूर्वी, आता दर वेळी लिहीत नाही) छिनने शेजारच्या हान राज्याचा शांगदांग नावाचा डोंगरी भाग तोडून वेगळा पाडला. तिथल्या सुभेदाराने छिनला शरण जाण्याऐवजी सतरा गावं उचलून झाओला देऊन टाकली. फुकटात सतरा गावं! एकजण म्हणाला घेऊ नका, दुसरा म्हणाला असं घबाड परत मिळतं का, आणि राजाने अर्थातच दुसऱ्याचं ऐकलं. छिन भडकलं. दोन्ही सैन्यं चांगपिंगला समोरासमोर येऊन बसली, आजच्या शानशी प्रांतातल्या गाओपिंगजवळ.

झाओचा सेनापती होता लिआन पो, म्हातारा, अनुभवी. सुरुवातीच्या चकमकींत मार खाल्ल्यावर तो तटबंदी करून आत बसला. छिनवाले रोज डिवचायचे, हा बाहेर यायचा नाही. त्याचा हिशोब सोपा होता, शत्रू घरापासून लांब आलाय, त्याला कंटाळू द्या. इथे छिनच्या फान जू नावाच्या प्रधानाने हजार मोहरांएवढं सोनं खर्चून हानदानमधे एक अफवा सोडली, की छिनला भीती आहे ती फक्त शेच्या मुलाची, लिआन पो काय, तो आज ना उद्या शरण येतोच. दोन हजार वर्षांपूर्वीचं व्हॉट्सॲप फॉरवर्ड. राजा आधीच म्हाताऱ्यावर वैतागलेला, त्याला हे पटलं.

म्हणीत हे सगळं येतच नाही आणि इथेच मला तिच्याबद्दल जरा तक्रार आहे. राजाला कोणी सांगितलंच नाही असं नव्हतं. लिन श्यांगरू नावाचा जुना मुत्सद्दी, तेव्हा खूप आजारी, त्याने सांगितलं की महाराज, नुसत्या नावावरून याला नेमणं म्हणजे तंतुवाद्याच्या खुंट्या डिंकाने चिकटवून वाजवायला बसणं, याला बापाची पुस्तकं पाठ आहेत, प्रसंग बदलला की वळायचं कसं ते येत नाही. (ही उपमाही पुढे म्हण झाली. सतार-तंबोरा लावताना बघितलेल्याला समजवायलाच नको.) राजाने ऐकलं नाही.

मग आईने पत्र लिहिलं.

आता मला सांगा, मुलाला राज्याचा सेनापती करतायत, चार-साडेचार लाख लोकांचा, आणि आई राजाला पत्र लिहिते की करू नका. तिने पुस्तकी ज्ञानाचा विषयसुद्धा काढला नाही. राजाने बोलावून विचारलं का, तर ती घरातलं बोलली. म्हणाली, याचे वडील सेनापती होते तेव्हा ते स्वतःच्या हाताने जेवू घालायचे अशी दहादहा माणसं असायची, मैत्री शेकड्यांनी. तुम्ही दिलेलं सगळं बक्षीस ते खालच्या लोकांत वाटून टाकायचे. हुकूम मिळाला त्या दिवसापासून घरातलं काही विचारायचे नाहीत. आणि हा? कालपरवा सेनापती झाला आणि पूर्वेकडे तोंड करून ऐटीत दरबार भरवून बसतो, कोणी मान वर करून बघत नाही याच्याकडे. तुम्ही दिलेलं सोनं आणि रेशीम घरी आणून कपाटबंद करतो आणि रोज कुठली जमीन, कुठलं घर स्वस्तात मिळतंय ते बघत फिरतो. बाप आणि मुलगा एकसारखे वाटतात का तुम्हाला? पाठवू नका याला.

मला हे वाचून अंगावर काटा आला, कारण हे कुठल्याही घरात बोललं जाईल असं आहे. ज्याला आपण युद्धशास्त्राचा प्रश्न समजतो तो तिने पंक्तीत कोण वाढतंय आणि पैसे कुठे ठेवतंय यावरून सोडवला.

राजा म्हणाला, बाई, राहू द्या आता, माझं ठरलंय.

यावर ती रडली वगैरे नाही. ती म्हणाली, ठीक आहे, पाठवणारच असाल तर मग त्याने माती खाल्ली तर शिक्षेत मला ओढणार नाही ना? त्या काळी सेनापती हरला की घरच्यांवरही यायचं. राजा म्हणाला, नाही ओढणार. झालं, शब्द घेतला.

मी ही गोष्ट आईला फोनवर सांगितली तेव्हा ती एकदम म्हणाली, "बरं केलं तिने, विचारून घेतलं ते." मला वाटलेलं की आईला ती कठोर वाटेल. मी म्हंटलं अगं पण स्वतःच्या मुलाच्या हरण्याची बोली करतेय ती, तर म्हणे, "एक हातातून चाललाच होता, बाकीच्यांचं कोण बघणार मग?" आणि मग विचारलं, नाव काय रे तिचं? नाव लिहिलेलं नाही. कुओची आई, एवढंच.

२६० मधे कुओ चांगपिंगला पोचला, लिआन पोचे सगळे हुकूम बदलले, अधिकारी बदलले आणि हल्ला करायला बाहेर पडला. तिकडे छिनने गुपचूप आपला सेनापती बदलला होता, नवा होता बाई छी (बाई हे नावातलंच, हा पुरुष), त्या काळातला सगळ्यात भयंकर माणूस, आणि सैन्यात दवंडी की हे नाव जो फोडेल त्याचं डोकं जाईल. छिनचे लोक हरल्यासारखं करून मागे पळत गेले, कुओ पाठलाग करत त्यांच्या तटबंदीपर्यंत, आणि २५ हजारांच्या तुकडीने त्याची पाठ तोडली, ५ हजार घोडेस्वार मधे घुसले, सैन्याचे दोन तुकडे, रसद बंद. छिनचा राजा स्वतः जवळच्या प्रांतात येऊन बसला आणि पंधरा वर्षांवरचा प्रत्येक पुरुष मदत आणि धान्य अडवायला धाडला. सेहेचाळीस दिवस अन्न नाही. सीमा छ्येन लिहितो की आतले लोक चोरून एकमेकांना मारून खायला लागले. चार तुकड्या करून चार-पाच वेळा बाहेर पडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शेवटी कुओ निवडक लोक घेऊन स्वतः पुढे झाला आणि बाणाने मेला.

मराठी माणसाला हे वाचताना पानिपत आठवणारच, त्याला इलाज नाही. रसद तुटलेली छावणी, अडीच महिने, उपाशी सैन्य आणि मग १४ जानेवारी १७६१ ला उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून बाहेर पडणं. आपणही त्याचा शब्दप्रयोग करून ठेवलाय, परीक्षेत पानिपत झालं म्हणतो, क्रिकेटमधे झालं म्हणतो. पण आपण गावाचं नाव ठेवलं. भाऊसाहेबांवर वाद घालतो, दोन पिढ्या घालतो, पण म्हणीत त्यांना टांगून ठेवलं नाही. चिनी भाषेने माणूसच टांगला. म्हणीत त्याचं नाव नाही, पण शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं की ही कोणाबद्दल आहे.

आणि खरं सांगायचं तर त्याच्यावर जेवढं फोडतात तेवढं त्याचं नाहीये. झाओकडे धान्यच संपत आलेलं. त्यांनी पूर्वेच्या छी राज्याकडे धान्य मागितलं आणि छीने दिलं नाही. तिथला एक सल्लागार ओरडून सांगत होता की ओठ गेले की दात गारठतात, आज झाओ पडलं तर उद्या आपण (हीपण म्हण, चिनी इतिहासात म्हणींवर पाय न देता चालताच येत नाही). म्हणजे लिआन पोची नुसतं बसून राहायची युक्ती कितीही शहाणी असली तरी कोठारात दाणे नसताना ती चालली कुठवर असती? हल्ला करायला पाठवणारा राजा होता, फुकटची सतरा गावं घेणारा राजा होता, अफवा गिळणाराही राजाच. सेहेचाळीस दिवस उपाशी सैन्य एकत्र धरून ठेवणं हे काय नुसत्या पुस्तकवाल्याचं काम आहे? मला नाही वाटत. पण राजांच्या नावाने म्हणी कमी होतात.

त्यानंतर जे झालं ते आणखी वाईट. चार लाख लोक शरण आले आणि बाई छीने ठरवलं की हे उद्या उलटतील. फसवून सगळ्यांना मारलं, सगळ्यात लहान वयाची २४० पोरं तेवढी परत पाठवली. चार लाख हा आकडा जुन्या ग्रंथातला आहे, एवढ्या माणसांना खायला कोण घालणार असं म्हणत आजचे अनेक अभ्यासक तो जसाच्या तसा घेत नाहीत. पण हाडं खरी आहेत. १९९५ मधे गाओपिंगजवळच्या योंगलू गावात एका शेतकऱ्याला जमिनीत हाडं लागली, खणलं तर एका खड्ड्यात साधारण १३० माणसं, पुरुष, बहुतेक तरण्याताठ्या वयाची, कोणाच्या हाडात बाणाचं टोक, कोणाच्या कवटीवर घाव. म्हणजे ग्रंथांवरून जिवंत पुरले असं समजायचे, तर या खड्ड्यातले तरी आधी मारलेले दिसतात.

तीनेक वर्षांनी बाई छीलाही त्याच्याच राजाने तलवार पाठवली, घे मारून स्वतःला. म्हणाला, मी देवाचं काय वाकडं केलं? मग थोड्या वेळाने म्हणाला, नाही, बरोबर आहे, चांगपिंगला शरण आलेल्यांना मी फसवून मारलं, मरायला तेवढं पुरेसं आहे.

गाओपिंगला आजही रस्त्यावर भाजलेला टोफू मिळतो. त्याला तिथले लोक बाई छीचं मांस म्हणतात. वरून भाजून करपवतात आणि बरोबर लसूण-आलं घातलेला टोफूचा चोथा देतात, तो म्हणजे त्याचा मेंदू. बावीस शतकं खातायत म्हणे त्याला. मजा म्हणजे चिनी परंपरा टोफूच्या शोधाचं श्रेय ज्या ल्यू आन राजपुत्राला देते तो या लढाईनंतर शंभर वर्षांनी होऊन गेला. म्हणजे तेव्हा टोफूही नसावा.

आणि कागद तर नव्हताच. सरकारी कामाचा नीट कागद करणारा चाय लुन इसवी सन १०५ चा. त्याच्याआधीचे कागदाचे तुकडे सापडलेत, पण तेही कुओनंतरचे. त्याने जे काय वाचलं ते बांबूच्या पट्ट्यांवर नाहीतर रेशमावर. सीमा छ्येनच्या मजकुरात ही म्हण नाहीच, गोष्ट आहे फक्त. कागद सगळीकडे झाल्यावर, शतकानुशतकांनी कधीतरी, लोकांनी त्याच्या हातात तो ठेवला. तेव्हा माझ्या त्या सूझोउच्या मित्राने मला जे ऐकवलं ते मूळ माणसाला लागूच होत नाही, मला मात्र पुरेपूर लागू होतं, प्रिंटआउट काढलेली मी त्या शेड्यूलची. ए-थ्री.

त्याच गाओपिंगला एक जुनं छोटं देऊळ आहे, कवट्यांचं देऊळ म्हणतात. थांग घराण्यातला एक सम्राट तिथून चालला असताना उघड्यावर पडलेली हाडं बघून हळहळला आणि त्याने बांधवलं अशी तिथली कथा. आत मूर्ती कोणाची? कवट्यांचा राजा म्हणून झाओ कुओची, शेजारी त्याची बायको. सगळा देश ज्याला हसतो त्याला मेलेल्यांच्या गावाने देव करून बसवलंय. का, ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित तिथल्या लोकांना एवढंच दिसलं की तोही इथेच मेला, त्यांच्याबरोबर.

आईने घेतलेला शब्द राजाने पाळला, तिला काही केलं नाही. झाओ शेला जी पदवी होती ती मा-फू, त्यातला मा पुढे त्याच्या वंशजांनी आडनाव म्हणून घेतला असं हान घराण्याच्या काळाचा इतिहास सांगतो (शांगदांगवालं हान राज्य वेगळं). मा म्हणजे घोडा. या मा लोकांत तीनशे वर्षांनी मा युआन नावाचा सेनापती झाला, चीनमधे अगदी घराघरात माहीत असलेलं नाव. इसवी सन ३२ मधे हान सम्राट पश्चिमेच्या डोंगरात बंडखोरांवर निघाला होता, सगळे सरदार म्हणत होते पुढे जाऊ नका, वाटा वाईट आहेत. मा युआन रात्री पोचला. त्याने सम्राटासमोर तांदूळ मागवला आणि जमिनीवर त्याचे ढीग करून डोंगर केले, मधून दऱ्या केल्या, बोटाने वाटा दाखवल्या, सैन्य इथून जाईल, इथे वळेल, इथून निघेल. सम्राट म्हणाला, शत्रू आता माझ्या डोळ्यांसमोर आहे. पहाटे सैन्य हललं आणि बंडखोरांची फौज कोलमडली.

हे पण आईला सांगितलं. आधी ती खूश झाली, म्हणाली बघ, त्याच घरातला. मग जरा थांबून म्हणाली, "आणि तो तांदूळ रे? नंतर धुऊन शिजवला का टाकून दिला?"

तेही लिहिलेलं नाही म्हंटलं.